कोळंबी, बदाम आणि माळ्यावरची पेटी

६ जानेवारी

मेहुणेबुवा,

नमस्कार-चमत्कार नंतर. आधी यादी.

या घरात मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: ज्यावर हे पत्र लिहितो आहे ते टेबल, त्याच्या कधीही न अडकणाऱ्या खणासकट. छताला टांगलेली कपडे वाळत घालायची चौकट, जी दोरी ढिली केली की खाली येते आणि ओढली की वर जाते. तुमच्या ताईच्या शिलाई मशीनची मोटर, जी मी एका मेलेल्या मिक्सरमधून काढली आणि जी जिवंतपणी जेवढी ओरडायची त्याच्या निम्मीही आता ओरडत नाही. न्हाणीघरातला पाणी तापवायचा बंब, आपोआप बंद होणारा. दारावरची पत्रपेटी, जिच्यात काहीही पडलं की स्वयंपाकघरात ओट्यावर लाल दिवा लागतो. आणि पत्र्याच्या मोठ्या बिस्किटडब्यातून केलेली भट्टी, आतून पंखा, बाहेरून दोन बटणं, जिला तुम्ही भर जेवणात ‘डबा’ म्हणालात.

हे सगळं कुणी शिकवलेलं नाही. आठवीनंतर शाळेशी माझा संबंध आला तो शाळेचे पंखे दुरुस्त करण्यापुरता.

न केलेली वस्तू एकच. तुम्ही पाठवलेला एअर फ्रायर. ‘दाजी, आता तो डबा भंगारात द्या’ असा निरोप त्याच्यासोबत आला होता. मी डबा भंगारात दिला नाही; पेटी माळ्यावर ठेवली. पुढच्या वर्षी तुम्ही आलात, मान वर करून पाहिलंत, पेटीवरची चिकटपट्टी जशीच्या तशी दिसली, आणि अर्ध्या जेवणातून उठून हात धुतलेत. तेव्हापासून तुमचा फोन आला की ताई खिडकीशी जाते आणि मी खाली माझ्या दुरुस्तीच्या खोलीत जातो. झालं ते झालं. मी उकरून काढत नाही, फक्त क्रम नीट असावा म्हणून लिहिलं.

आता कामाचं. ११ एप्रिलला तुमची ताई पन्नास पूर्ण करते आहे. मी विचारलं, “काय करून देऊ?”

ती म्हणाली, “काही करून देऊ नका हो. तुमच्या करण्याने घरात पाय ठेवायला जागा उरलेली नाही. मला बाळ्याची ती बदाम-काजूतली कुरकुरीत कोळंबी हवी. आणि करणारा हवा.”

करणारा म्हणजे नेमका कोण, हे तिने स्पष्ट केलं नाही. मी त्याचा अर्थ ‘मी’ असा घेतला आहे. तेव्हा कृती पाठवावी. ग्रॅममध्ये, अंशांमध्ये, मिनिटांमध्ये. समुद्रापलीकडच्या मोठ्या हॉटेलात उंच पांढरी टोपी घालून तुम्ही चाळीस माणसांना हुकूम सोडता असं ऐकतो. त्यांना काहीतरी लिहून देतच असाल.

पेटी काल खाली काढली आहे. यायचंच असेल तर ताईचं आमंत्रण आहे. मी फक्त कळवतो आहे.

तुमच्या ताईचे यजमान

३० जानेवारी

मेहुणेबुवा,

तुमचं पत्र मंगळवारी आलं. लाल दिवा लागला तेव्हा ताई चहा ओतत होती. बिल असेल म्हणून मी उठलो नाही, तीच गेली, आणि परत आली ती पाकीट छातीशी धरून. चहा बशीत, ओट्यावर आणि थोडा कपात होता.

कृती वाचली. ‘कोळंबी सोलून कोरडी करायची, अंड्याच्या पांढऱ्यात बुडवायची, बदाम-काजूत घोळवायची, मशीनमध्ये टाकायची. बाकी अंदाजाने.’

अंदाज! हे माप कुठल्या पट्टीवर असतं? मी उद्या मोटरची तार अंदाजाने गुंडाळली तर गिऱ्हाइकाचं घर अंदाजाने जळेल. मी ताईला तसं म्हणालो. ती म्हणाली, “त्याच्या हाताला कळतं हो.” तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने माझ्या हाताबद्दल एकदाही उच्चारलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

असो. मी माझी मापं ठरवली. बाजारात जाडी मोजायचा व्हर्निअर घेऊन गेलो, कारण सगळ्या कोळंब्या एका जाडीच्या नसतील तर एकीच्या शिजण्यात दुसरीचं चामडं होतं. कोळंबीवाली बाई म्हणाली, “साहेब, कोळंबी घेताय की सून बघताय?” आजूबाजूचे हसले. मी हसलो नाही. चोवीस निवडल्या. शेवटी तिनेच पंचविसावी वर टाकली, म्हणाली, “ही वाकडी आहे, हिला सांभाळून घ्या.”

मशीन चालू करण्याआधी मी ते पूर्ण उघडून पाहिलं, हे सांगायला नको. न बघता भिंतीत प्लग खुपसणारा माणूस मी नव्हे. आत फार काही नाही: वर तापणारी तारेची वेटोळी, त्यांच्यावर पंख्याचं पातं, मागे वारा जायची जाळी. साफ केलं, तेल दिलं, परत जोडलं. एकही स्क्रू उरला नाही. याला म्हणतात हात.

पहिला प्रयोग: बदाम-काजू मी ताईच्या मिक्सरमध्ये घातले. मिक्सरची मोटर मीच बदललेली असल्यामुळे तो दुप्पट वेगाने फिरतो. बदामाचं लोणी झालं. चविष्ट होतं, पण लोण्यात काही घोळवता येत नाही.

दुसरा प्रयोग: दाणे सुरीने चिरून तांदळाच्या कणीएवढे केले. पण मशीनमधून निघाल्या त्या कोळंब्या वरून काळ्या आणि खालून ओल्या. ताईने एक उचलून पाहिली आणि म्हणाली, “वरून कोळसा, खालून पोहतेच आहे बिचारी.”

म्हणजे तुमची कृती चुकली आहे. सुधारून पाठवावी.

ताईचे यजमान

२४ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

पत्र मिळालं. त्यातल्या तीन गोष्टींना क्रमाने उत्तर देतो.

एक. तुम्ही लिहिता, ‘सुट्टीचं जमेलसं वाटत नाही.’ ठीक. कळलं. ताईला अजून सांगितलेलं नाही, कारण ती रोज कॅलेंडरसमोर उभी राहते आणि मला वाटतं तिला चष्म्याचा नंबर बदलायला झाला आहे.

दोन. तुम्ही लिहिता, ‘दाजी, तसंही तुमच्या घरात माझी जागा माळ्यावरच आहे, चिकटपट्टी लावून.’ यावर मी काही लिहीत नाही.

तीन. तुम्ही विचारता, ‘मशीनच्या मागच्या जाळीला हात लावून बघा, गरम वारा येतो का? आमच्याकडे एकदा भट्टी दुरुस्त होऊन आल्यावर असंच वरून जळायचं आणि खालून ओलं राहायचं.’

मेहुणेबुवा, तुम्ही कोळंबीवर बोलावं. मीठ, मिरपूड, लिंबू यावर बोलावं, मी मान खाली घालून ऐकेन. पण वारा कुठून येतो आणि कुठे जातो, हे आता स्वयंपाक्याने मला शिकवायचं? गल्लीतल्या प्रत्येक घरात जो पंखा फिरतो तो एकदा तरी माझ्या मांडीवर येऊन गेलेला आहे. दोष मशीन बनवणाऱ्यांचा आहे. मी त्यावर उपाय म्हणून चहाच्या गाळण्यांच्या जाळीची एक घडीची चौकट केली आहे: कोळंब्या मध्ये, जाळी वर-खाली, आणि बाजूला कडी. मध्येच अख्खी चौकट उलटी करायची, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. अशी वस्तू तुमच्या हॉटेलात नसेल.

चौकटीतून आज काढल्या त्या आता दोन्ही बाजूंनी काळ्या आणि आतून ओल्या आहेत. ही प्रगती आहे.

ताईचे यजमान

ता. क. पाकीट बंद करण्याआधी सहज म्हणून जाळीला हात लावला. गार आहे.

२५ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

कालचं पत्र टाकून आलो आणि आज हे दुसरं लिहितो आहे. दोन्ही बरोबरच मिळतील. आधी हे वाचलं असेल तर ते वाचू नये.

पंख्याचं पातं उलटं बसलं होतं.

ते कुणी बसवलं हे विचारू नये. घरात दोनच माणसं आहेत आणि त्यातल्या एकीला पाना धरता येत नाही. पातं दोन्ही बाजूंनी सारखंच बसतं, हा करणाऱ्याचा गाढवपणा म्हणता येईल, आणि मी तसं म्हटलंही. ताई म्हणाली, “कोण करणारा? बनवणारा की जोडणारा?” एवढं बोलून ती आत गेली. आतून बराच वेळ काहीतरी पडल्यासारखा आवाज येत होता. जाऊन पाहिलं तर ओट्याला धरून हसत होती. डोळ्यांतून पाणी. मला म्हणाली, “अहो, सहा वर्षं उघडलं नाही तेव्हा धड होतं हो ते!”

मी चिडणार होतो. पण ही बाई इतकी हसलेली मी कितीतरी दिवसांत पाहिलेली नव्हती. मग मीही हसलो. थोडं.

पातं सुलटं केलं, मशीन लावलं. आणि मेहुण्या, काय वारा सुटला म्हणून सांगू! मागच्या जाळीतून गरम झोत आला तो भिंतीवरचं कॅलेंडर फडफडवायला लागला. आतून तडतड आवाज. दार उघडलं तर बदाम-काजूचे कण सगळे उडून वरच्या वेटोळ्यात अडकलेले, ठिणग्या उडवत, आणि खाली कोळंब्या अंगावर चिंधी नसल्यासारख्या बसलेल्या. पण शिजल्या होत्या! गुलाबी, घट्ट, वाकलेल्या. मी एक खाल्ली, ताईने चार खाल्ल्या, उभ्या उभ्या.

आता प्रश्न एवढाच: दाण्यांनी कोळंबीला सोडू नये म्हणून काय करायचं? माझी जाळीची चौकट त्यासाठी वापरून बघतोच. तुझं काय म्हणणं आहे ते कळव. अंदाजाने का होईना, कळव.

दाजी

(वर एके ठिकाणी ‘तू’ पडला आहे. राहू दे. तुम्ही-तुम्ही करून माझी दाढ दुखायला लागली होती.)

१९ मार्च

बाळ्या,

तुझं पत्र म्हणजे एक अख्खं पान ‘हा हा हा’ आणि खाली तीन ओळी. टपालाला एवढा खर्च येतो, कागद जपून वापरावा. ताईने ते पान फ्रिजवर चिकटवलं आहे. मी रोज पाणी प्यायला जातो आणि तू रोज मला हसतोस.

तीन ओळींबद्दल. ‘अंड्याच्या पांढऱ्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर, घोळवल्यावर हाताने दाबून अर्धा तास फ्रिजमध्ये, मग वरून तेलाचा हलका फवारा.’ करून पाहिलं. दाणा सुटत नाही. मान्य. मात्र माझ्या चौकटीतही सुटत नाही, आणि अर्धा तास थांबावं लागत नाही. तेव्हा कुठली पद्धत वरचढ, हे समोरासमोर बसल्याशिवाय ठरायचं नाही. पत्रातून कुणी चावत नाही.

म्हणून लिहितो. पहिल्या पत्रात मी ‘ताईचं आमंत्रण आहे’ असं लिहिलं होतं. ते तसं नाही. तिचं तर असतंच; ती तुला रस्त्यावरच्या कावळ्याकडूनही बोलावेल. हे आमंत्रण माझं आहे. ये.

तू आलास की मी तुझ्याशी भांडतो, हे खरं. पण या गल्लीत दुसरं आहे कोण भांडायला? लोक मोडकी वस्तू आणतात, दुरुस्त झाली की ‘वा’ म्हणतात आणि निघून जातात. ‘दाजी, हे असं का केलंत, तसं का नाही?’ असं विचारणारा तू एकटाच होतास. मला राग यायचा आणि मी रात्रभर विचार करायचो आणि सकाळी वस्तू जास्त चांगली व्हायची. न्हाणीघरातला बंब आपोआप बंद होतो तो तुझ्या टोमण्यामुळे. हे मी ताईलाही सांगितलेलं नाही.

झोपायची सोय केली आहे. घडीची खाट, लाकूड जुनं पण कोरडं, लांबी तुझ्या उंचीपेक्षा एक वीत जास्त. उंची टोपी वगळून धरली आहे. खाट खिडकीशी लावली आहे. माळ्यावर नाही.

दाजी

९ एप्रिल

बाळ्या,

हे पत्र तुला पोचेपर्यंत तारीख उलटून गेलेली असेल. तरी लिहितो, कारण हात रिकामे आहेत.

दिवा लागलेला नाही. काल एकदा लागला, ताई पळाली, विजेचं बिल. मी तिला सांगितलं की तुझ्या हॉटेलात फार काम असतं. ती म्हणाली, “मला कशाला समजावता? मी काही बोलले का?” नंतर मी खाटेला आणखी एकदा पॉलिश दिलं. ते दुसऱ्यांदा झालं.

फोन करावा असं मनात येऊन गेलं. पाच वर्षांनी एकदम काय बोलायचं, मशीनबद्दल सुरुवात करावी का, असं ठरवेपर्यंत तुझ्याकडची मध्यरात्र झाली.

कोळंबीवालीला परवासाठी सांगून ठेवलं आहे. तिने विचारलं, “किती जणांची?” मी म्हणालो, “तिघांची.” ती म्हणाली, “तुम्ही तर दोघंच ना?” मी म्हणालो, “वाकडी एक जास्त टाका.”

दाजी

२२ एप्रिल

बाळ्या,

परत सुखरूप पोचलास हे ताईकडून कळलं. फोनवर तिच्याशी काय काय बोललास तेही कळलं, कारण आता फोन आला की मी खाली जात नाही. तू तिला म्हणालास, ‘माझी ताटली आधी संपली.’ ही नोंद चुकीची आहे. पुढे भांडण नको म्हणून आत्ताच दुरुस्त करतो.

घडलं ते असं. ताईच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला होता, गाठ मी मारली होती. डावीकडे तुझी फ्रिजमधली, उजवीकडे माझी चौकटीतली. तिने डावीकडची खाल्ली, उजवीकडची खाल्ली, आणि तू अधीरपणे विचारलंस, “ताई, कुठली?” ती म्हणाली, “कळलं नाही रे. आणखी एकेक द्या.” पुन्हा तेच. “जवळ आलंय, पण नक्की नाही.” पुन्हा. आपण दोघं शहाणे तिला आळीपाळीने भरवत होतो, तू मोठ्या हॉटेलचा मुख्य स्वयंपाकी आणि मी मी. शेवटी दोन्ही ताटल्या एकदमच रिकाम्या झाल्या, आणि टॉवेल काढून ती म्हणाली, “निकाल राखून ठेवते. पुढच्या वर्षी परत करा.” म्हणजे आधी कुणाचीच संपली नाही. आपल्या वाट्याला आली ती फक्त वाकडी, तीही तू खाल्लीस.

दुसरी दुरुस्ती. तू म्हणालास, ‘दाजी मला बघून रडले.’ मी त्या वेळी कांदा चिरत होतो. कोळंबीत कांदा नसतो हे मला माहीत आहे. मी वेगळ्या कामासाठी चिरत होतो.

तिसरी. पत्रपेटी बिघडली ती तू बिघडवलीस. रविवारी टपाल येत नाही. दिवा लागला तेव्हा ताई म्हणालीच, “आज कसलं मेलं टपाल?” आणि दार उघडून पाहते तर पेटीच्या फटीतून तुझी पांढरी टोपी अर्धी आत, अर्धी बाहेर लोंबते आहे आणि तू बाजूच्या जिन्यात तोंड दाबून बसला आहेस. चाळिशी उलटलेला माणूस! ताईने जी किंकाळी मारली ती ऐकून वरच्या मजल्यावरची नर्सबाई औषधाची पेटी घेऊन खाली धावत आली. ती टोपी खेचून काढताना आतली पट्टी वाकली. तेव्हापासून लाल दिवा विझतच नाही, रात्रंदिवस लागलेला आहे. दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. ताई म्हणाली, घाई करू नका. मीही करत नाही.

चौकटीबद्दल. तू नेलीस ती ठेवून घे. तुझ्या हॉटेलातली चाळीस माणसं ती बघायला जमली हे ऐकून बरं वाटलं. त्यांना सांग की गाळणी चहाचीच हवी, दुसरी जाळी वाकते. इथे मी दुसरी केली, कडी आता डाव्या बाजूला, कारण तुझं म्हणणं होतं की उजव्या हाताने चिमटा धरल्यावर कडी कुठल्या हाताने उघडायची. बरोबर होतं. रात्रभर राग आला.

आता शेवटची गोष्ट. निघताना दारात तू विचारलंस, “दाजी, खरं सांगा. उघडायचं नव्हतं, वापरायचं नव्हतं, तर सहा वर्षं ठेवलंत कशाला? विकून का नाही टाकलंत?” गाडीवाला हॉर्न वाजवत होता, ताई तुझ्या खिशात बदाम कोंबत होती, आणि मी म्हणालो, पत्रात लिहीन. लिहितो.

चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. शिडीवरून पडलो होतो. तुला कळवू नको असं मीच ताईला बजावलं होतं. दुरुस्तीची खोली बंद, ताई दिवसभर लोकांचे कपडे शिवत होती. तेव्हा कोपऱ्यावरचा विजेच्या सामानाचा दुकानदार माझी विचारपूस करायला वर आला. बसल्या बसल्या त्याची नजर माळ्यावर गेली. स्टूल घेऊन चढला, पेटी फिरवून फिरवून पाहिली, चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. म्हणाला, “हात न लावलेलं आहे. हे मॉडेल आता मिळत नाही, माझ्याकडे गिऱ्हाईक थांबलंय. आत्ता उचलतो, पैसे आत्ता देतो. तुम्हाला तसं त्याचं काय काम?”

मी नाही म्हणालो. त्याने आकडा दोनदा वाढवला, मी दोन्ही वेळा नाही म्हणालो, आणि तो गेल्यावर ताईकडून पेटी भिंतीकडे सरकवून घेतली, पुन्हा कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. तू खालून मान वर करून पाहिलंस त्या जागेपासून ती तेव्हाच आत गेली. कारण विचारू नकोस. ते मला मोजून सांगता येत नाही, तुझ्या मापाने घे, अंदाजाने. रक्कम मात्र नेमकी सांगतो: साडेनऊ हजार, रोख.